मागची खोली: परवानगी आहे

१

दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमधली घाण काढणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला झाडू म्हणायचे. गिऱ्हाइकं घरच्या फोनवरसुद्धा बिनदिक्कत विचारायची, "झाडू आहे का?" आणि ताई तितक्याच गंभीरपणे सांगायची, "आहे. दारामागे उभा केलाय."

घाण म्हणजे काय, तर हेरगिरी करणारे प्रोग्राम, आपोआप उघडणारी पानं, ब्राउजरच्या डोक्यावर एकावर एक चढून बसलेले टूलबार. झाडू कुणाच्याही घरी जायचा, पेनड्राइव्ह लावायचा, आणि यादी आली की न वाचता दाबायचा: सगळं निवडा, काढून टाका. यातलं 'न वाचता' महत्त्वाचं. वाचत बसलं की दया येते, असं त्याचं म्हणणं. चाळीस मिनिटांत मशीन धुतल्या तांदळासारखं. जाताना गिऱ्हाइकाला एकच मंत्र द्यायचा: "काही विचारलं तर नाही म्हणायचं. आलं ते बंद करायचं."

आता दिव्याखाली अंधार असतोच. झाडूच्या घरी बाबा होते.

बाबांनी एकतीस वर्षं बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर काढली होती. खिडकीशी आलेल्या माणसाला त्यांनी जन्मात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. गाडी नसेल तर 'येईल' म्हणायचे. रिटायर झाले, खिडकी सुटली, सवय सुटली नाही. कॉम्प्युटरवर एखादी चौकट उघडून काही विचारू लागली की बाबा ती मोठ्यानं वाचायचे, "सूचना पाठवू का? पाठव की, त्यात काय," आणि उजव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबायचे. टक्. बाबांचं सगळं त्या एका बोटावर चालायचं. टक्. थोडा विचार. टक्.

दर रविवारी सकाळी झाडू त्यांचं मशीन धुवायचा, आणि शनिवारपर्यंत ते पुन्हा धर्मशाळा झालेलं असायचं.

"बाबा, आलं ते बंद करायचं असतं."

"अरे, दाराशी आलेल्याला असं हाकलतात होय? काय म्हणतोय ते तरी ऐकावं."

ताई औषधांच्या दुकानात काम करायची आणि औषधं देते तशाच सुरात बोलायची. मागच्या आठवड्यात बाबांनी कोणा सज्जनाला आपली स्क्रीन दोन तास बघू दिली होती. ते कळल्यावर ती म्हणाली, "विद्वान, हा महिना घे. साफ झालं तर झालं. नाहीतर एक तारखेला ते धूड भंगारात."

झाडूला ते नको होतं, आणि त्याला कारण होतं. आई गेल्यावर बाबा आठ महिने एक अक्षर बोलले नव्हते. डॉक्टर झाले, औषधं झाली, हात टेकले. मग झाडूनं जुने सुटे भाग जोडून त्यांना हा कॉम्प्युटर करून दिला. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा बाबा स्क्रीनकडे बघून मोठ्यानं म्हणत होते, "तुमचं वय अठराच्या वर आहे का? आहे रे बाबा, चांगलं चौपट आहे."

त्या दिवशी ताई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली होती. कॉम्प्युटर गेला की बाबांचा आवाज जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त बोलायचं कोणी नाही.

२

तर त्या रविवारी त्यानं परवानग्यांचं पान उघडलं. बाबांनी दोनशे चौदा ठिकाणांना हो म्हटलं होतं. झाडूनं सवयीनं सगळी निवडली, काढली. एक उरलं.

त्याला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती एक छोटी आडवी रेघ. पुढे लिहिलं होतं:

मागची खोली – परवानगी आहे. शेवटचा वापर: चार सेकंदांपूर्वी.

झाडू हसला. कोणा उंटावरच्या शहाण्यानं मशीनकडून भाषांतर करून घेतलंय. 'बॅकग्राउंड'मध्ये चालायची परवानगी असणार, तिची झाली मागची खोली. असले नमुने तो रोज बघायचा.

"बाबा, हे कधी दिलंत?"

"मंगळवारी असेल. विचारलं त्यानं. सभ्यपणे विचारलं हो."

"कोणी?"

"नाव नाही सांगितलं. चौकशीच्या खिडकीवर नाव कोण सांगतं?"

झाडूनं ब्लॉक दाबलं. आणि त्याच क्षणी घरात काहीतरी थांबलं.

तोवर तो आवाज त्याला ऐकूच आला नव्हता, म्हणजे ऐकू येत होता, पण तो त्याला कॉम्प्युटरचा पंखा समजत होता. बारीक, संथ, चेन फिरल्यासारखा. आता तो नव्हता, आणि पंखा तर फिरतच होता.

मागच्या खोलीत अडगळ असायची. रिकामी खोकी, एक गादी, आणि ताईनं दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली व्यायामाची सायकल. एका जागी उभी असणारी. तिच्यावर आजवर फक्त टॉवेल बसले होते. झाडूनं दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. कोणी असायचं कारणच नव्हतं.

पेडल मात्र अजून हलत होतं. किंचित. जसं माणूस उतरून गेल्यावर हलतं.

३

वारा आला असेल, असं त्यानं ठरवलं. खिडकी बंद होती, पण ठरवायला काय जातं.

बुधवारी रेघ परत आली. मागची खोली – परवानगी आहे. खाली नवीन ओळ: स्वयंपाकघर – परवानगी आहे.

यालाही त्याच्याकडे उत्तर होतं. ब्राउजरमध्ये 'कुकी' म्हणून एक प्रकार असतो, तिचं या अर्धवटांनी स्वयंपाकघर केलं असणार. स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला आणि हे सांगायला स्वयंपाकघरात गेला. ताई भांडी बघत होती.

"चौथा कप कोण काढतं रे रोज?"

"कसला?"

"आपण तिघं. चहा तीन कप. मी दुकानातून येते तर ताटाळ्यात चार धुतलेले. गिऱ्हाइकं घरी बोलवायला लागलास की काय?"

"बाबा दोनदा घेत असतील."

"बाबांनी घेतलेला कप कधी धुतलाय?"

हा मुद्दा बिनतोड होता.

झाडूनं गुरुवारची सगळी कामं रद्द केली. ब्राउजर काढला. मशीनमधलं सगळं पुसलं. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी कोरी बसवली. इंटरनेटची वायर उपटली आणि गुंडाळी करून स्वतःच्या खिशात घातली, म्हणजे कोणाला शंका नको. पाकीटबंद सीडीवरून सगळं नव्यानं टाकलं. धंद्याच्या नऊ वर्षांत या उपायापुढे काही टिकलं नव्हतं.

परवानग्यांचं पान उघडलं. पान स्वच्छ, पांढरं, रिकामं. वर एक रेघ. खिशातल्या वायरवर त्याचा हात घट्ट झाला.

मागची खोली. स्वयंपाकघर. उजवा हात.

'राइट क्लिक', त्यानं स्वतःला सांगितलं. राइट क्लिकचं झालंय ते. हे त्यानं मोठ्यानं सांगितलं, म्हणून जरा बरं वाटलं.

मागून बाबा म्हणाले, "झालं का? उठ जरा, मला एक पत्र लिहायचंय."

बाबा बसले, आणि उजव्या हाताच्या पाचही बोटांनी लिहायला लागले. भराभर. डेपोतल्या टायपिस्टनं तोंडात बोट घातलं असतं. डावा हात मांडीवर तसाच पडून होता, आणि बाबा कीबोर्डकडे बघतच नव्हते. ते झाडूकडे बघून हसत होते.

"मदत करतंय," ते म्हणाले. "सांधे धरलेत माझे, त्याला कळलं असणार."

"बाबा, कोणाला कळलं?"

"विचारून करतोय ना सगळं? मग झालं तर."

झाडूनं स्क्रीनकडेच बघत विचारलं, "आई वाटते का तुम्हाला?"

बाबा इतके हसले की ठसका लागला. "तुझी आई परवानगी मागणाऱ्यातली होती का रे? ती सरळ आली असती. आणि आधी पंखा पुसला असता."

४

पुढचा रविवार. ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं. ताई दुकानात गेली होती, कारण तिची जोडीदारीण रजेवर होती. बाबा टोस्ट खात झाडूच्या शेजारी बसले होते. रेघेखाली चौथी ओळ आली होती.

आवाज – परवानगी आहे.

माइक, झाडूच्या मनात आलं. हे तर अगदी सरळ आहे. माइकचं 'आवाज' केलंय. तो हलका झाला.

"सव्वा नऊची गाडी फलाट तीनवर लागलेली आहे," बाबा म्हणाले.

बाबा अधूनमधून असं म्हणायचे, गंमत म्हणून. झाडू हसला आणि वळला. बाबांच्या तोंडात टोस्ट होता. अख्खा. गाल फुगले होते, आणि ते सावकाश चावत होते.

"साडेनऊची रद्द आहे," बाबांचा आवाज म्हणाला. मागच्या खोलीतून. "सव्वा दहाची येईल. बसा तुम्ही. येईल."

चेन फिरत होती.

बाबांनी चावणं थांबवलं. ते स्वतःच्या आवाजाकडे मान वळवून ऐकत होते, तोंडावर टोस्टचा चुरा, आणि चेहऱ्यावर भीती नव्हती. खिडकीवर आपल्या जागी दुसऱ्याला बसवलेलं बघितल्यासारखा चेहरा होता.

"त्यानं विचारलं," टोस्ट कसाबसा गिळून ते पुटपुटले. "म्हणाला, थोडा वेळच..."

झाडूनं पुढचं ऐकलं नाही. नऊ वर्षांचा सराव असलेल्या हातानं त्यानं जे प्रत्येक घरात केलं होतं तेच केलं.

सगळं निवडा. काढून टाका.

५

चेन थांबली. मागच्या खोलीतला आवाज शब्दाच्या मध्यात तुटला. घर एकदम इतकं शांत झालं की त्याला शेजारच्यांचा नळ ऐकू आला.

"झालं बाबा," तो म्हणाला. "गेलं."

बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण बाहेर काही आलं नाही. श्वासाचा आवाजसुद्धा नाही. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या बाजूला लोंबत होता, दुसऱ्या कोणाचा तरी तिथं अडकवून ठेवल्यासारखा.

"पाणी देतो," झाडू म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाबा पाण्यासाठीच उठलेत. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. पुन्हा पाऊल उचललं, पुन्हा उंबरठ्याच्या अलीकडेच ठेवलं. मधे काच असल्यासारखं. पण काच नव्हती. झाडू स्वतः त्यातून आत गेला, बाहेर आला, परत गेला. बाबा नुसते बघत उभे.

तेव्हा त्याला कळलं. परवानगी कशाची ते त्या यादीत लिहिलेलं होतं. कोणाला, ते कधी लिहिलेलंच नव्हतं. त्यानं ती काढली ती त्या रेघेबरोबर बाबांचीही काढली.

मग तो कॉम्प्युटरकडे धावला. रेघ नव्हती, यादी नव्हती, परत आणायचं बटण नव्हतं. पान रिकामं, धुतल्या तांदळासारखं.

६

डॉक्टरांनी झटका म्हटलं. डोक्याचा फोटो काढला. फोटो बघून म्हणाले, "रिपोर्ट एकदम स्वच्छ आहे."

"मग दारातून का जात नाहीत?" ताईनं विचारलं.

"मनाचं असू शकतं."

"कोणाच्या?" ताई म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

बाबांना पुढच्या खोलीत कोच दिला. तिथंच जेवण, तिथंच झोप. ते खिडकीतून बाहेर बघत बसायचे. कोणी काही विचारलं की ओठ हलवायचे, आणि मग लाजल्यासारखे खाली बघायचे. आवाज नसल्याची जणू त्यांनाच लाज वाटत होती.

ताईनं एकदाच विचारलं, भात कालवता कालवता, त्याच्याकडे न बघता. "तू नक्की काय दाबलंस रे?"

"रोज दाबतो तेच."

एक तारीख आली आणि गेली. ताईनं भंगारवाल्याला बोलावलं नाही. आता कशाला, एवढंच म्हणाली. तीन आठवडे झाडूनं कोणाचंही मशीन धुतलं नाही. सगळं निवडा दाबायला हात उचलत नव्हता. रोज सकाळी तो बाबांचा कॉम्प्युटर चालू करायचा, रिकामं पान बघायचा, बंद करायचा. तो मेला प्रोग्राम परत येईना. एरवी लाथा घातल्या तरी जात नव्हता, आणि आता झाडू मनातल्या मनात त्याची विनवणी करत होता. त्यानं वायर परत जोडली. सुरक्षा बंद केली. सगळी दारं सताड उघडी टाकली आणि बसून राहिला.

बाविसाव्या दिवशी, दुपारी, चौकट आली.

या घरात काही परवानग्या नाकारलेल्या आहेत. पूर्ववत करायच्या?

खाली यादी, आणि एकच बटण. सगळ्या, नाहीतर एकही नाही.

झाडूनं आयुष्यात पहिल्यांदा यादी शेवटपर्यंत वाचली. मागची खोली. स्वयंपाकघर. उजवा हात. आवाज. मग थोडी मोकळी जागा. मग पाचवी ओळ.

बाबा.

यात कुठल्या शब्दाचं भाषांतर चुकलं असेल, ते त्यानं खूप शोधलं. सापडलं नाही.

त्यानं स्क्रीन कोचाकडे वळवली. "बाबा, वाचा. परत येईल सगळं. बोलता येईल. पण शेवटची ओळ बघा. देऊ?"

बाबांनी वाचलं. सावकाश, ओठ हलवत, नेहमी वाचायचे तसंच, फक्त मुक्यानं. मग त्यांनी झाडूकडे बघितलं आणि मान हलवली.

नाही.

एकतीस वर्षं खिडकीवर आणि त्यानंतर घरी, ज्या माणसानं कोणालाच नाही म्हटलं नव्हतं, त्या माणसानं म्हटलं. पुन्हा हलवली. नाही. डावा हात वर करून, तळवा पुढे धरून, नाही.

ताई दारात उभी होती. तिनं यादी वाचली नव्हती. तिला फक्त 'बोलता येईल' एवढंच ऐकू आलं होतं. "येईल?" तिनं विचारलं. "खरंच येईल?" तिचा चेहरा नळ सोडला होता त्या दिवसासारखा झाला होता.

झाडूनं परवानगी दिली.

७

"हुश्श," बाबा म्हणाले. "घसा कोरडा पडला रे. कोणी चहा टाकतं का, का मीच टाकू?"

ताई त्यांच्या गळ्यात पडली. बाबांनी उजव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं, पाचही बोटांनी, नीट ठेक्यात. मग ते उठले, उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि बोलू लागले, थांबेचनात. डेपोतल्या गमती, आईचे टोमणे, ताईच्या लहानपणीचा तापाचा किस्सा. सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती. ताई हसत होती, मधेच नाक पुसत होती, पुन्हा हसत होती. कप मांडल्याचा आवाज आला. झाडूनं मोजले. चार.

त्यानं स्क्रीनकडे बघितलं.

बाबा – परवानगी आहे. शेवटचा वापर: आत्ता.

त्यानं पान पुन्हा उघडलं. आत्ता. पुन्हा. आत्ता.

मग त्याला मागच्या खोलीतून आवाज आला. चेनचा नव्हे. दाराच्या आतल्या बाजूला कोणीतरी वाजवत होतं. टक्. थोडा विचार. टक्.

एका बोटानं.

तो दाराकडे धावला. कडी तर उघडीच होती. त्यानं ढकललं, खांदा लावला, लाथ मारली. दार बोटभरही हललं नाही. टक्, आतून, त्याच्या तळव्याच्या अगदी समोर. त्याच्यामागे कॉम्प्युटर वाजला.

मागच्या खोलीतून परवानगी मागितली जात आहे: बाहेर येणे.

झाडू टेबलाशी कसा पोचला ते त्यालाच कळलं नाही. त्यानं परवानगी द्या दाबलं. दाबलं. दाबत राहिला.

हा अधिकार फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना आहे. त्यांना विचारलं आहे.

स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं. बाबा हात पुसत बाहेर आले, खुर्चीच्या पाठीवर रेलले आणि स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचलं, नेहमीसारखं, प्रत्येक शब्द सुटा करून. "बाहेर. येणे." मागे टकटक जोरात झाली, घाईची, चुकत माकत.

"बाबा, द्या," झाडू म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "तुम्ही कोणाला नाही म्हणत नाही ना. द्या ना."

बाबांनी त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. उबदार, ओळखीचा, पाच बोटांचा. माउस अलगद त्याच्या मुठीतून काढून घेतला.

"अरे," ते प्रेमानं म्हणाले, "आलं ते बंद करायचं. तूच शिकवलंस ना?"

आणि त्यांनी ब्लॉक दाबलं.

मागची टकटक थांबली. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "चहा निवतोय हं, या दोघं."